पड टाकलेले पाणी : समुद्रमाशांच्या क्वारंटाईनचा इतिहास

१९५१ साली मुंबईत मरीन ड्राइव्हवर, चर्नी रोडजवळ, तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. डी. बी. तारापोरवाला या पारशी दानशूराने दोन लाख रुपये दिले म्हणून मत्स्यालयास त्यांचे नाव मिळाले. एकूण खर्च आठ लाखांच्या घरात गेला होता. त्याच वर्षी लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या सभावृत्तात ब्राऊन यांची एक त्रोटक नोंद प्रसिद्ध झाली. समुद्रातील माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उमटवणाऱ्या आणि थोड्याच दिवसांत अख्खी टाकी रिकामी करणाऱ्या एका एकपेशीय परजीवीला त्या नोंदीने ‘क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स’ हे नाव दिले. मुंबईकरांना काचेआडचा समुद्र पाहायला मिळाला त्याच वर्षी काचेआडच्या समुद्राचा सर्वांत चिवट शत्रूही नावानिशी ओळखीचा झाला. हा निव्वळ योगायोग आहे. परंतु आम्हांला या दोन घटना शेजारीशेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात, कारण समुद्रमासे पाळण्याच्या दीडशेहून अधिक वर्षांच्या इतिहासात नव्या माशाला काही आठवडे वेगळे ठेवण्याची शिस्त फार उशिरा आली, आणि ती का उशिरा आली हा प्रश्न केवळ प्राणिशास्त्राचा नाही.

मराठीच्या अध्यापकांनी या विषयात का शिरावे, असे कुणी विचारील. एक कारण शब्दाचे आहे. ‘क्वारंटाईन’ला मराठी प्रतिशब्द कोणता? २०२० साली शासनाने, वृत्तपत्रांनी आणि आपण सर्वांनी ‘विलगीकरण’ हा शब्द इतक्या सढळपणे वापरला की आजारी माणसाला वेगळे ठेवणे आणि आजारी न दिसणाऱ्या माणसाला वेगळे ठेवणे, या दोन भिन्न गोष्टी एकाच शब्दात विरघळून गेल्या. काहींनी ‘अलगीकरण’ असा दुसरा शब्द योजून भेद राखण्याचा प्रयत्न केला, पण तो रुजला नाही. वास्तविक क्वारंटाईनचा सारा अर्थ या भेदातच आहे. आजारी कोण हे डोळ्यांना दिसते. त्याला बाजूला काढण्यासाठी विशेष तत्त्वज्ञान लागत नाही. जो धडधाकट दिसतो, ज्याच्याविरुद्ध कोणताही पुरावा नाही, त्याला उंबरठ्यावर थांबवणे म्हणजे क्वारंटाईन.

शब्दाचे मूळ सर्वपरिचित आहे. एड्रियाटिक समुद्रावरील रगूसा, म्हणजे आजचे दुब्रॉव्हनिक, या बंदराने १३७७ साली साथीच्या मुलखातून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबवण्याचा नियम केला. पुढे व्हेनिसने तो काळ चाळीस दिवसांवर नेला आणि ‘क्वारंता’ म्हणजे चाळीस या संख्येवरून शब्द बनला. चाळीसच का, याचे उत्तर रोगाच्या अभ्यासापेक्षा ख्रिस्ती उपवासकाळात आणि जुन्या वैद्यकातील दिवसगणनेत शोधले जाते. म्हणजे मुदत आधी ठरली. तिचे कारण कळायला पाच शतके जावी लागली.

समुद्रमाशांच्या बाबतीत मात्र आरंभी मुदतही नव्हती आणि शंकाही नव्हती. लंडनच्या रीजेंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात १८५३ साली मत्स्यगृह उघडले, त्यामागे फिलिप गॉस या निसर्ग-अभ्यासकाचा मोठा वाटा होता. त्याच सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञाने वनस्पती आणि प्राणी यांचे प्रमाण साधले तर बंद पाणी दीर्घकाळ निर्मळ राहते, असे दाखवले होते. गॉसने १८५४ मध्ये ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक लिहिले आणि समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी क्षार मिसळून समुद्राचे पाणी घरी तयार करण्याची कृतीही प्रसिद्ध केली. या पहिल्या पिढीचा परवलीचा शब्द ‘संतुलन’ होता. मासे मेले तर संतुलन बिघडले, हवा कमी पडली, ऊन जास्त झाले, अशी कारणे दिली जात. मृत्यू बाहेरून, नव्या आणलेल्या देखण्या जिवाबरोबर आत येतो, ही कल्पना त्या संतुलनवादी मनात बसत नव्हती.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना गॉस हे नाव दुसऱ्या बाजूने ठाऊक असते. त्याचा मुलगा एडमंड गॉस याचे ‘फादर अँड सन’ हे १९०७ चे आत्मकथन अभ्यासक्रमांतून वाचले जाते ते धर्मनिष्ठ पिता आणि संशयी पुत्र यांच्या संघर्षासाठी. पण त्यात एक खंत आहे, जिच्याकडे आपले लक्ष क्वचित जाते. वडिलांच्या पुस्तकांनी मत्स्यपेटीचे वेड पसरवले आणि हौशी संग्राहकांच्या झुंडींनी इंग्लंडच्या किनाऱ्यावरील खडकांमधली डबकी ओरबाडून काढली, हे मुलाने दुःखाने नोंदवले आहे. गोळा केलेले बहुतेक जीव घरी आणल्यावर मरत. मग पुन्हा किनाऱ्यावर जाऊन नवे आणले जात. मृत्यूची भरपाई इतक्या स्वस्तात होत होती तोवर त्याचे कारण शोधण्याची निकड कुणालाच नव्हती. क्वारंटाईन उशिरा आले याचे आमच्या मते हेच मुख्य कारण आहे. अज्ञानाहून समुद्राची फुकट उपलब्धता अधिक जबाबदार होती.

आता त्या पांढऱ्या ठिपक्यांकडे वळू. गोड्या पाण्यातील माशांना होणारा असाच रोग १८७६ साली फ्रान्समध्ये फूके याने वर्णिला होता. समुद्री रोगाचे वर्णन जपानमध्ये सिकामा याने १९३० च्या दशकात केले. नाव मिळाले ते १९५१ मध्ये. या परजीवीचे आयुष्य चार अवस्थांचे आहे आणि क्वारंटाईनचे सगळे गणित त्या अवस्थांवर बेतलेले आहे. पहिल्या अवस्थेत तो माशाच्या त्वचेच्या व कल्ल्यांच्या वरच्या थराखाली शिरून तीन ते सात दिवस पोसला जातो. आपल्याला दिसतो तो पांढरा ठिपका हाच. मग तो मासा सोडून थोडा वेळ तळाशी सरपटतो आणि वाळूला किंवा दगडाला चिकटून स्वतःभोवती कवच तयार करतो. कवचाच्या आत त्याचे विभाजन होते, आणि एकापासून शेकडो पोहणारी पिल्ले बाहेर पडतात. या पिल्लांनी एकदोन दिवसांत मासा गाठला नाही तर ती मरतात. अथांग समुद्रात बहुतेक मरतातच, म्हणून तेथील माशाच्या अंगावर एखाददुसरा ठिपका असतो आणि त्याचे काही बिघडत नाही. दोनशे लिटरच्या टाकीत एकही पिल्लू फार दूर जाऊ शकत नाही. जो मासा समुद्रात निरोगी होता तोच टाकीत सर्वांचा काळ ठरतो, आणि दोष त्याचा नसून भिंतींचा असतो.

यात फसवे असे की ठिपके गेले म्हणजे रोग गेला, असे वाटते. परजीवी मासा सोडून तळाशी गेला की मासा पुन्हा तुकतुकीत दिसू लागतो आणि मालक सुटकेचा श्वास टाकतो. आठवड्याभराने शेकडोपटीने परत येणे होते. दुकानात दोन दिवस नीट पोहणारा मासा ‘चांगला’ समजून आणणाऱ्याला त्या दोन दिवसांनी काहीच सांगितलेले नसते.

उपचाराचा इतिहास आमच्या भागातील शेतकऱ्याला जवळचा वाटावा असा आहे. १९५५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातील रॉबर्ट डेम्पस्टर यांनी समुद्रमाशांवरील अशाच एका परजीवीसाठी कॉपर सल्फेटचा वापर मांडला. कॉपर सल्फेट म्हणजे आपला मोरचूद. इंदापूर-बारामतीकडे द्राक्षाच्या व डाळिंबाच्या बागेत मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण फवारतात, ते कुणाला सांगायला नको. माशांच्या टाकीत त्याचे प्रमाण अतिशय सूक्ष्म, लिटरला साधारण एक पंचमांश मिलिग्रॅम तांबे एवढेच राखावे लागते; थोडे कमी पडले तर परजीवी मरत नाही, थोडे वाढले तर मासा मरतो. शिवाय तांब्याचा मारा त्वचेखालच्या किंवा कवचातल्या परजीवीपर्यंत पोचत नाही. मोकळ्या पाण्यात पोहणारे पिल्लू तेवढे त्याच्या तावडीत सापडते. म्हणून प्रत्येक पिढी बाहेर पडेपर्यंत तीनचार आठवडे, कधी त्याहून अधिक, हे प्रमाण सतत मोजत टिकवावे लागते. मुदत येथे श्रद्धेतून आलेली नाही. शत्रूच्या आयुष्यावरून मोजलेली आहे. ती महिनाभराच्या आसपास, म्हणजे रगूसाच्या तीस आणि व्हेनिसच्या चाळीस दिवसांच्या दरम्यान, येऊन ठेपते, याची मौज वाटते खरी. तिच्यातून फार अर्थ काढण्याचे कारण नाही.

हा उपचार शोभेच्या टाकीत का करता येत नाही, हे कळले की क्वारंटाईनच्या टाकीचे रूप कळते. तांब्याने प्रवाळ, कोळंबी, शंख, समुद्रफुले मरतात. चुनखडीची वाळू आणि प्रवाळखडक पाण्यातले तांबे शोषून घेतात, म्हणजे मात्रा टिकत नाही. ज्या ज्या गोष्टींमुळे ती टाकी पाहण्यासारखी असते, त्या सर्व औषधाच्या आड येतात. म्हणून वेगळी टाकी उघडीबोडकी असते: तळाला वाळू नाही, दगड नाहीत, लपायला प्लॅस्टिकच्या नळाचे तुकडे, पाणी फिरवायला एक फिल्टर, बाहेर मंद उजेड. पाणी मुरलेले नसेल, म्हणजे मलमूत्रातील अमोनियाचे रूपांतर करणारे जिवाणू फिल्टरमध्ये आधीच वाढवलेले नसतील, तर मासा रोगाआधी अमोनियानेच दगावतो. एवढी दक्षता घेतली की त्या ओक्याबोक्या टाकीत एक महत्त्वाची गोष्ट घडते. लक्षद्वीपच्या किंवा मन्नारच्या आखातातून पकडलेला, पिशवीतून प्रवास केलेला, अनेक दिवस न जेवलेला मासा तेथे निवांत होतो, प्रतिस्पर्ध्यांशिवाय खाऊ लागतो. क्वारंटाईन जुन्या रहिवाशांच्या रक्षणासाठी असते असे आपण समजतो. त्यात नवागताची शुश्रूषाही असते. ती नसेल तर उरतो तो तुरुंग.

‘तुरुंग’ हा शब्द आमच्या लेखणीतून सहज उतरला, कारण क्वारंटाईन म्हटले की मराठी मनाला १८९७ आठवते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला, आणि पुण्यात रँडच्या अधिकाराखाली गोरे शिपाई घराघरांत शिरू लागले. रोग्याला इस्पितळात आणि त्याच्या घरच्यांना ‘सेग्रिगेशन’च्या छावणीत नेले जाई. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हा इतिहास शाळकरी मुलासही पाठ आहे. त्याच साथीत, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. या दोन स्मृतींपैकी पहिली आपल्या कथा-नाटकांत वारंवार आली, दुसरी बराच काळ उपेक्षित राहिली. परिणाम असा की वेगळे ठेवण्याचा अनुभव मराठी साहित्यात मुख्यतः अपमानाचा अनुभव म्हणून नोंदला गेला. तो तसा होताच. देवघरापर्यंत शिरलेल्या बुटांचे समर्थन कोणत्याही जंतुशास्त्राने होत नाही. परंतु वेगळेपणात काळजी असू शकते, हे सांगणारी भाषा मात्र त्यामुळे आपल्याकडे तयार झाली नाही.

की ती होती, आणि आपण तिच्याकडे पाहिले नाही? लिखित साहित्याबाहेर पाहावे. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण आपण संगतीच्या दोषासाठी वापरतो. तिचा मूळ प्रसंग दावणीचा आहे. बाजारातून आणलेले जनावर लगेच दावणीला बांधू नये, दोन-तीन आठवडे वेगळे बांधावे, हा सल्ला पशुवैद्य देतात, आणि २०२२ च्या लम्पी साथीत महाराष्ट्रात जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले तेव्हा तो गावोगाव पुन्हा ऐकू आला. सुप्यात ‘क्वारंटाईन’ न म्हणता ‘वेगळं बांधणं’ म्हटले तर अर्थ अधिक नेमका पोचतो. त्यात दोरी आहे, पण वैरणही आहे.

सुपे म्हटले की इतिहासाच्या विद्यार्थ्याला १२ मे १८७५ हा दिवस आठवतो. सावकारांच्या वह्यांवर चाल करून जाणाऱ्या दख्खनच्या उठावाची सुरुवात याच गावच्या बाजारात झाली, तेव्हा हे गाव भीमथडी तालुक्यात मोडत असे. समुद्राशी या गावाचा संबंध नाही. अवर्षणाचा मुलूख, अनेक बोअरचे पाणी मचूळ. (ते चवीला खारट लागते म्हणून त्यात समुद्रमासे जगतील असा समज होऊ शकतो, समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात आणि त्यांचे आपसांतील प्रमाणही वेगळे असते. हौशी लोक शुद्ध केलेल्या पाण्यात तयार समुद्री मीठ मिसळतात, म्हणजे गॉसच्याच मार्गाने जातात. ‘खारे मासे’ म्हटले की कोकणी माणसाच्या डोळ्यांपुढे वाळवणाची काठी येते, म्हणून आम्ही येथे ‘समुद्रमासे’ हा शब्द वापरला आहे.)

आणि तरीही या कोरडवाहू मुलखाने समुद्री मत्स्यपालनाला एक नेमका शब्द द्यावा, अशी स्थिती आहे. रोग मुख्य टाकीत शिरलाच तर जाणकार लोक काय करतात? ते सर्व मासे बाहेर काढून वेगळ्या टाकीत उपचाराला ठेवतात आणि मुख्य टाकी, तिच्यातील प्रवाळ व खडकांसह, माशांविना चालू ठेवतात. कवचातून पिल्ले निघतात, मासा सापडत नाही, मरतात. प्रयोगांत काही कवचे ७२ दिवसांनी उघडल्याची नोंद आहे, म्हणून सावध मंडळी ७६ दिवस थांबतात; पाणी उबदार राखल्यास दीड महिना पुरतो, असे अलीकडे अनेकांचे मत आहे. या रिकाम्या काळाला इंग्रजीत जो शब्द आहे तो शेतीतून उचललेला आहे, आणि त्याला मराठी प्रतिशब्द शोधावा लागत नाही. रान पड टाकतात, तशी टाकी पड टाकायची.

प्लेगच्या काळात दख्खनच्या गावांनी नेमके हेच केले होते. उंदीर पडू लागले की गाव घरदार सोडून माळावर, रानात झोपड्या घालून राहायला जाई, आणि साथ ओसरली की परते. सरकारी छावणीला विरोध करणारी माणसे या झोपड्यांत आपण होऊन जात, ही बाब विचार करण्यासारखी आहे. सांगोवांगीच्या आठवणींत ते दिवस हालाचे होतेच, पण त्यांत सक्तीची कडवट चव नाही. निरोग्यांनी बाहेर पडायचे आणि दूषित घरे ओस ठेवायची, ही रीत उंबरठ्यावरील क्वारंटाईनच्या बरोबर उलट आहे. तिचे शास्त्र तेव्हा पूर्ण कळले नव्हते. उंदीर, पिसू आणि माणूस यांचा दुवा सर्वमान्य व्हायला विसावे शतक उजाडले. गाव मात्र आधीच माळावर गेले होते.

आमच्या परिसरातील पाण्याला ही दृष्टी कधी लाभली नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. १९५२ मध्ये भारतात आणलेला तिलापिया आज भिगवण-इंदापूरकडे ‘चिलापी’ या घरगुती नावाने उजनीच्या जाळ्यांत भरून येतो; परका म्हणून त्याला कुणी ओळखतही नाही. अर्थात चिलापीला महिनाभर वेगळे ठेवूनही काही साधले नसते, कारण तो रोग घेऊन आला म्हणून नव्हे, येथे फोफावला म्हणून प्रश्न झाला. परकी जात रोखणे आणि परका रोग रोखणे यांत गल्लत होऊ नये. रोगाचा धडा १९८८ मध्ये मिळाला. माशांच्या अंगावर व्रण पाडणारी साथ ईशान्येकडून देशात शिरली आणि काही वर्षांत नद्या-तळ्यांतून दूरवर पसरली. त्यानंतर जलचरांच्या क्वारंटाईनचा विचार सरकारी पातळीवर गांभीर्याने होऊ लागला. २००९ पासून परदेशी कोळंबीच्या बीजजनकांसाठी चेन्नईजवळ स्वतंत्र केंद्र चालू झाले. कोळंबीत पैसा मोठा, म्हणून व्यवस्थाही मोठी. शोभेच्या माशाची पिशवी मात्र दुकानातून थेट दिवाणखान्यातील टाकीत ओतली जाते, आणि तेथे कायदा पोचत नाही. तेथे घरातल्या माणसाचा धीर पोचेल तेवढाच.

एक इशारा येथेच देऊन ठेवतो. माशांच्या टाकीवरून माणसांच्या गावाविषयी बोलण्याचा मोह मोठा असतो, आणि या लेखात आम्हीही त्याच्या कडेकडेने चाललो आहोत. २०२० मध्ये मुंबई-पुण्याहून परतणाऱ्यांना वेशीवर अडवणाऱ्या गावांनी आपलीच माणसे ‘बाहेरची’ ठरवली. मार्चमध्ये डाव्या हातावर मारलेले शिक्के पाहून लोकांना गाडीतून उतरवले गेले. काही गावांनी त्याच माणसांना शाळेच्या खोलीत चौदा दिवस ठेवून दोन्ही वेळचे जेवण दारात पोचवले. मुदत तीच, रोगही तोच. फरक वैरणीचा होता. मासा तक्रार करू शकत नाही, मुदत वाढवली तर अपील करू शकत नाही. म्हणून त्याच्याबाबत आपण जे निर्धास्तपणे करतो ते माणसाबाबत करण्याआधी त्याला विचारावे लागते, कारण सांगावे लागते, आणि सुटकेची तारीख आधी जाहीर करावी लागते. रँडच्या कारभारात हे तिन्ही नव्हते.

तारापोरवाला मत्स्यालय नूतनीकरणानंतर २०१५ मध्ये पुन्हा उघडले, काचेच्या बोगद्यासह. मार्च २०२० मध्ये माणसांच्या साथीमुळे त्याचे दरवाजे प्रेक्षकांसाठी बंद झाले. बाहेर मरीन ड्राइव्हवर माणसे नव्हती. आत पंप चालू ठेवावे लागत होते, खाद्य द्यावे लागत होते, पाणी बदलावे लागत होते. काचेसमोरची जागा तेवढी पड राहिली.